बाराची भरती

शिक्का पडायचा होता पाकिटावर, तो पडला पद्मजाच्या डाव्या अंगठ्यावर. पनवेलच्या पोस्टात खिडकीमागे बसून तिला आठ वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत हात कधी चुकला नव्हता. अंगठ्यावर अर्धं गाव आणि पुरती तारीख उमटली, सप्टेंबर १९९२, आणि ती त्या तारखेकडे अशी बघत राहिली की खिडकीतल्या बाईंनी दोनदा विचारलं, अहो मॅडम, आंतर्देशीय आहे का संपलं? संपलं नव्हतं. पद्मजाने आंतर्देशीय काढून दिलं आणि पाकीट मांडीवर घेतलं. पत्ता इंग्रजीत, टपोऱ्या शाळकरी अक्षरात: दयाराम घरत, मिठागरवाले, जासई, तालुका उरण. त्याखाली तिथल्या पोस्टमनने पेन्सिलीने मराठीत लिहिलं होतं, "घर सोडले. मुलगी पनवेल पोस्टात." म्हणजे ते पाकीट तिच्याकडे येणारच होतं. दयाराम घरत हे तिचे वडील. मिठागर जाऊन तिथे बंदराचे कंटेनर उभे राहिले त्याला आता तीन-चार वर्षं झाली, तरी कुणाच्या तरी वहीत ते अजून मिठागरवालेच होते. पाठीमागे पाठवणाऱ्याचं नाव होतं, दिपा आनंदा घरत, विशाखापट्टणम. घरच्या म्हाताऱ्याला इंग्रजी कुठलं वाचता येणार, असं स्वतःला सांगत तिने पाकीट फोडलं. मुलीने लिहिलं होतं की माझे वडील आनंदा घरत, नौदलातून निवृत्त, अकरा जानेवारीला वारले. आई म्हणते, त्यांच्या माणसांना कळवायलाच हवं, मग त्यांना ते कळून हवं असो वा नसो. मी महिनाअखेरीच्या नर्सिंगच्या परीक्षेसाठी वीस तारखेपासून मुंबईच्या वसतिगृहात असेन, पत्ता खाली दिला आहे. तुमची हरकत नसेल तर एकदा येऊन वडिलांच्या मोठ्या भावाला बघून जाईन. काही मागायला येणार नाही.

अकरा जानेवारी. आठ महिन्यांपूर्वी. पद्मजाने ते वाक्य तीनदा वाचलं. कारण आनंदाकाका वीस वर्षांपूर्वीच मेला होता. तिच्या घरात ही गोष्ट भिंतीइतकी पक्की होती. दर भाद्रपदात, सर्वपित्री अमावास्येला, बाबा त्याचं पान छपरावर ठेवत आले होते. आजीचं एक, पुढे आजा गेला तेव्हा आज्याचं एक, आणि आनंदाचं एक. कावळ्यांना बोलवायचं असलं तरी हाक माणसाच्या नावाने मारायची, ही घरत लोकांची रीत. बाबा इतर नावं पुटपुटायचे, पण आनंदाला मात्र खाडीपलीकडे ऐकू जाईल अशी हाक द्यायचे, "आनंदाऽ, ये रं, जेवाला ये!" त्या पानावर आईच्या हातची जवळ्याची चटणी असायची. पितरांना असलं चालतं का असं कुणी शहाणपणाने विचारलंच, तर आई, भामा तिचं नाव, पदर खोचून म्हणायची, "पितरांचं कंला, आमच्या आनंदाचं पान हाय ते." वीस वर्षं, एकही न चुकवता. बाबांना एकदा टायफॉइड होता, अंग विस्तवासारखं तापलेलं, तरी भिंतीला धरून ते शिडी चढले होते. आणि त्या सगळ्या वर्षांत तो माणूस जिवंत होता. कुठल्यातरी गावात चहा पीत होता, मुलीला शाळेत सोडत होता, दाढी करत होता.

दाढी. तो शब्द मनात आला आणि पद्मजाने घाईने पत्राची घडी केली. त्या दिवशी तिने जासईचं टपाल पेणच्या पिशवीत टाकलं आणि पोस्टमास्तरांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, म्हणाले, काय घरतबाई, स्थळ वगैरे आलं की काय. एकोणतीस वर्षांच्या बिनलग्नाच्या बाईचं चित्त थाऱ्यावर नसलं की जगाला दुसरं काही सुचतच नाही. ती हसली. हसता हसता तिला ते भांडण आठवत होतं, म्हणजे आठवत होतं की ऐकून ऐकून तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलेलं होतं, हे तिलाही सांगता आलं नसतं. तेव्हा ती पाच वर्षांची. काका रजेवर आला होता, पांढराशुभ्र, टोपीसकट, आणि त्याच्या अंगाला साबणाचा आणि तेलाचा असा वास होता जो गावात कुणाच्याच अंगाला नव्हता. त्याने सांगितलं की तिकडे, आंध्रात, एका मुलीशी त्याने लग्न केलंय, शशिकला तिचं नाव. आजा बांधावरून नुकताच आला होता, पिंढऱ्यांपर्यंत चिखल. तो बराच वेळ पाय धूत राहिला, मग म्हणाला, "पुन्यांदा या दारात आलास तर जित्तेपनी तुजं पान छपरावं ठेवीन." काकाने टोपी उचलली. बाबा त्याच्यामागे बांधाच्या टोकापर्यंत गेले आणि एकटेच परत आले. आज्याने त्याची सगळी पत्रं चुलीत घातली. त्यानंतर तीन वर्षं कुणी कुणाला लिहिलं नाही. मग लढाई आली, रेडिओवर एक जहाज बुडाल्याची बातमी आली, आणि गोदीत कामाला जाणारा गावातलाच एकजण सांगत आला की तुमचा आनंदा त्याच जहाजावर होता, मी स्वतः त्याला चढताना बघितलेला. बाबा मुंबईला गेले. नौदलाच्या एका दाराशी सकाळपासून उभे राहिले. तिथल्या शिपायाने त्यांना सावलीत बसवलं, पाणी दिलं, आणि विचारलं, नंबर काय त्याचा? बाबांनी नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, उंची हाताने दाखवली. नंबर त्यांना माहीत नव्हता. नंबर त्या पत्रांवर होता आणि पत्रं चुलीत गेली होती. जासईत माणूस बापाच्या नावाने सापडतो, तिकडे तो आकड्याने सापडतो, हे मिठागरातल्या माणसाला कोण सांगणार? तार आली असेल तर ती त्याच्या बायकोकडे गेली असेल, आणि तिचा पत्ता कुणाकडे नव्हता. महिनाभर वाट बघून आज्याने बाराव्याचं केलं. पिंडाला कावळा लवकर शिवला नाही, पण ते तर कुणाच्याही बाबतीत होतं.

घरी येताना पद्मजा तळ्याच्या काठाने आली. घर तळ्याच्या पाठीमागेच, दोन खोल्या आणि वर स्लॅबची गच्ची. बाबा ओट्यावर बसून सुतळी वळत होते. सुतळीचं घरात आता काही काम नव्हतं, पण हाताला सवय. शेजारच्या बिल्डिंगमधली बाई त्यांना विचारत होती, आजोबा, उरणच्या लाँचला आज पाणी कधी असेल हो, आणि बाबा आकाशाकडे न बघता, घड्याळाकडे न बघता सांगत होते, "आज दशमी. तिथीची पाऊनपट करा. साडेसातला भरती." पन्नास वर्षं खाडीच्या पाण्याने उठवलं आणि झोपवलं होतं त्यांना. खाडी आता इथून दिसतही नव्हती, मध्ये कॉलनी, रस्ते, डांबर, तरी म्हातारा पाण्याची वेळ चुकायचा नाही. पद्मजाने पर्स कुशीत घट्ट धरली. पर्समध्ये ते पत्र होतं. ह्या माणसाला कसं सांगायचं, की बाबा, तुम्ही वीस वर्षं जिवंत भावाचा घास कावळ्याला घातला? बाबांना आयुष्यात मिरवण्यासारखं फारसं काही मिळालं नव्हतं. जमीन गेली, मीठ गेलं, मुलगा झाला नाही. एकच गोष्ट ते कधीमधी अभिमानाने बोलायचे, की मी आनंदाचं पान कधी चुकवलं नाय. तेवढंही काढून घ्यायचं? ती आत गेली, चहा केला, आणि पत्र पर्समध्येच राहू दिलं. रात्री मात्र स्वतःशीच चिडली. आपण बाबांना जपतोय की स्वतःला, हा प्रश्न तिच्या उशाशी येऊन बसला होता, आणि त्याचं उत्तर तिला ठाऊक होतं.

कारण ती दाढी. ती नऊ वर्षांची होती, अमावास्याच होती, घर वड्यांच्या वासाने भरलेलं. आईने सकाळीच बजावलं होतं, "आज दारी येल त्याला जेवल्याबिगर सोडू नको. कोन कसा येल सांगता येत नाय." पद्मजा ओटीवर सागरगोटे खेळत होती. रस्त्यापलीकडे डेरेदार भेंडीच्या झाडाखाली एक माणूस उभा होता, हिरवट पिशवी खांद्याला, भरघोस काळी दाढी. तो घराकडे बघत होता. मग जवळ आला आणि त्याने पाणी मागितलं. तिने लोटा विसळून भरून आणला. तो पाणी पीत असतानाच छपरावरून बाबांची हाक आली, आनंदाऽ, ये रं, जेवाला ये! माणसाच्या हातातला लोटा थांबला. दाढीतून पाण्याचे थेंब गळत राहिले. त्याने विचारलं, "वर कोन हाय?" ती म्हणाली, "बाबा. आनंदाकाकाचं पान ठेवतात." "आनि आजा?" "आजा शिडी धरून उभा हाय." त्याने लोटा दोन्ही हातांनी तिला परत दिला, देवाला द्यावा तसा. तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला साबणाचा आणि तेलाचा वास होता. आतून आईने हाक मारली, कोन आलाय गं, जेवाला थांबव! पद्मजा वळली तोवर तो बांधावर पोचला होता आणि झपाझप चालत होता. तिचे सागरगोटे तसेच पडले होते. ती म्हणाली, "कोनी नाय गं." एवढंच. मुलं रोज बोलतात तसलं एक खोटं. ते पुढच्या डावात विसरायला हवं होतं, आणि ती विसरलीही होती, अंगठ्यावर शिक्का पडेपर्यंत. किंवा विसरली नव्हती. दर अमावास्येला बाबांनी हाक मारली की तिला उगीच रस्त्याकडे बघावंसं वाटायचं, ते कशामुळे?

दुसऱ्या दिवशी खिडकीवर दीनानाथ आले. रोडपालीला राहणारे निवृत्त नौसैनिक, सत्तरीकडे झुकलेले, शर्टाची इस्त्री पाव कापावा अशी धारदार. सैनिकांच्या विधवांचे अर्ज लिहून द्यायचा नाद त्यांना होता, त्यामुळे आठवड्यातून दोनदा रजिस्टरची पाकिटं घेऊन यायचे. पद्मजाने पावती फाडता फाडता, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, काका, आनंदा घरत नावाचं कुणी तुमच्या नेव्हीत होतं का हो? दीनानाथांनी पेन खिशाला लावलं, परत काढलं. "स्टोकर घरत? इंजिन रूमवाला? तुम्ही घरत... अरे बापरे. तुम्ही त्याच्या कोण?" जेवणाच्या सुट्टीत ते मागच्या अंगणातल्या लाल मोडक्या पेटीवर बसले आणि त्यांनी जे सांगितलं ते पद्मजा डबा न उघडता ऐकत राहिली. बुडालेल्या जहाजावर आनंदा होता, पण लढाईच्या दोन महिने आधी त्याची बदली झाली. "ड्राफ्ट आला, दुसऱ्या शिपवर गेला. नशीब म्हणा. पण तो कधी नशीब म्हणाला नाही. त्या शिपवरच्या पोरांची नावं घ्यायचा, एकेकाचं, पाढे म्हणावेत तशी." आणि मग त्यांनी त्या पाण्याची गोष्ट सांगितली. "चौसष्ट साल असेल. भर समुद्रात आमचा खालचा पाइप फुटला. समुद्राचं पाणी आत. आवाज असा की शेजारी उभ्या माणसाचं ओरडणं ऐकू येत नाही. आम्ही सगळे शिकलेले, ड्रिल पाठ, पण खरं सांगतो बाई, पाय हलेनात. लाकडाच्या पाचरी आणायच्या, टेकू लावायचे, त्याला वेळ लागतो, आणि पाणी काय थांबतंय? ह्या पठ्ठ्याने काय करावं? दोन घोंगड्या पाठीला गुंडाळल्या आणि भोकावर पाठ लावून बसला. पाय समोरच्या लोखंडाला रोवले. पाऊण तास. आम्ही टेकू लावेपर्यंत तो तिथेच. बाहेर काढला तेव्हा पाठ काळीनिळी, बोलता येईना. नंतर साहेबाने विचारलं, हे कुठं शिकलास? म्हणाला, घरी."

पद्मजाला वाटलं होतं की एखादं शौर्य ऐकलं की छाती फुगते. तसं काही झालं नाही. तिने न उघडलेला डबा बाजूला सारला. "मी त्याला विचारलं," दीनानाथ सांगत होते, "घरी म्हणजे काय रे? तर म्हणाला, आमच्याकडे बांधाला खांड पडली, म्हणजे उधाणाने बांध फोडला, की माती टाकून उपयोग नाय, माती वाहून जाते. आधी एका माणसाने आडवं पडायचं. पाण्याला माणूस आडवा आला की पाणी जरा इचार करतं. मग बाकीचे पेंढा टाकतात, चिखल टाकतात. माझा दादा पडायचा आडवा. कायम तोच. मी लहान होतो, काठावरून पेंढा टाकायचो. म्हणाला, त्या पाइपाशी मी काय विचार केला नाय, फक्त म्हटलं, इथं दादा असता तर काय करता." दीनानाथांनी चष्मा पुसला. "रिटायर झाल्यावर आमचा काही संपर्क राहिला नाही. माणूस मात्र असा बघितला नाही. हे तुमचे वडील तर नव्हेत, ते दादा?" पद्मजा म्हणाली, माझेच. त्याच दुपारी, पोस्टाच्याच टेबलावर, तिने उत्तर लिहिलं. इंग्रजी तिचं कामापुरतंच होतं, त्यामुळे पत्र लहान झालं. सव्वीस तारखेला ये, शनिवार आहे, मी सुट्टी घेते. सकाळी ये. जेवायला ये. वसतिगृहाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने टाकलं आणि शिक्का स्वतः मारला, नीट, पाकिटाच्या मधोमध.

सव्वीस तारीख म्हणजे अमावास्या. ते तिला लिहितानाच माहीत होतं. सांगणं मात्र ती पुढे ढकलत राहिली, द्वादशी गेली, त्रयोदशी गेली, आणि चतुर्दशीला बाबा बाजारातून केळीची पानं घेऊन आले. ओट्यावर बसून ओल्या फडक्याने ती पुसू लागले. एक, दोन, तीन. तिसरं पान ते नेहमी जास्त वेळ पुसायचे. पद्मजा त्यांच्यासमोर खाली बसली आणि तिने सगळं सांगितलं. पत्र, जानेवारी, बदली झालेली बोट. झाडाखालचा माणूस, लोटा, कोनी नाय गं. एका दमात सांगितलं, कारण मध्ये थांबली असती तर पुढचं बोलताच आलं नसतं. आई चुलीपाशी उभी राहून ऐकत होती, तिच्या हातातला झारा तेल निथळत राहिला. बाबांनी पान खाली ठेवलं. "आला व्हता?" एवढंच विचारलं. पद्मजाने मान हलवली. "मी वर व्हतो, आनि तो खाली?" ती म्हणाली, "बाबा, मी तेव्हा आईला खरं सांगितलं असतं तर..." "तू पोर व्हतीस," ते म्हणाले, पण तिच्याकडे बघून नाही. "मी गेलो व्हतो ना बांधाच्या टोकाशी त्याच्यामागं. तवा त्याला धरून आनला नाय. बापाला भ्यालो." त्यांनी तिन्ही पानं उचलली, आई-बापाची दोन आत नेऊन दिली. तिसऱ्याची घडी केली, केळीचं पान घडीवर चिरतं तसं ते चिरलं. "जित्या मानसाचं पान ठेवलं मी. आज्याचा शबूद मी वीस वर्सं खरा केला. आथा त्याचं पान ठेवाचा मना हक नाय." रात्री ते जेवले नाहीत. भामाने चटणीसाठी भाजलेला जवळा तसाच झाकून ठेवला.

अमावास्येला सकाळी साडेदहाला दिपा आली. पद्मजाने स्टँडवर तिला लगेच ओळखलं, आणि ओळखलं कशावरून, तर उभं राहण्यावरून. पाय जरा फाकून, जमीन कधीही हलेल अशा बेताने उभी होती. बाबा असेच उभे राहतात, चिखलात उभं राहून राहून. सावळी, ठसठशीत, केसात अबोलीचा गजरा, हातात परीक्षेचं पाकीट. पद्मजाने मनातल्या मनात इंग्रजी वाक्यं जुळवून आणली होती. पण ती मुलगी म्हणाली, "पद्मजाताय ना? मना वाटलं तुमी नाय यानार." पद्मजाची जुळवून आणलेली वाक्यं तशीच राहिली. ही भाषा तिने स्वतः घासून घासून अंगावरून काढली होती. शाळेत हसतात म्हणून, मग पोस्टात हसतात म्हणून. हाय नाय, मना तुना, हे सगळं तिने जासईला सोडलं होतं, आणि हजार कोसांवरची ही तेलुगू आईची पोर ते जसंच्या तसं बोलत होती, फक्त सूर थोडा वेगळा, शब्दाच्या शेवटी झोका दिल्यासारखा. "बाप्पा घरी असंच बोलायचे," दिपा म्हणाली. "आयला समजायचं नाय सुरुवातीला. मंग तीपन बोलाला लागली." रिक्षात ती सारखी बाहेर बघत होती. खाडी कुठं हाय, असं तिने दोनदा विचारलं.

बाबा आतल्या खोलीत कॉटवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. भामाने पोरीला जवळ घेतलं, तिच्या कानाच्या पाळ्या चाचपल्या, "सासूचे कान आले गं," म्हणाली आणि रडायला लागली. आजी-आज्याची पानं वाढून तयार होती. गच्चीवर ती कोण नेणार हा प्रश्न होता, कारण बाबा उठत नव्हते. दिपा दारात उभी राहिली. तिने त्यांना वाकून नमस्कार केला आणि ते तिच्याकडे न वळताच म्हणाले, "माज्या पाया पडू नको, बाय. मी तुज्या बापाला जित्तेपनी कावल्यांना घातला. त्याला मी मेलेला समाजलो, आनि तो समाजला मी त्याला टाकला. तो रागानं गेला आसंल." दिपा आत आली. मग ती कॉटजवळ जमिनीवर बसली.

"रागानं नाय," ती म्हणाली. "ऐका ना. बाप्पांनी आयला सांगितलंवतं. त्या दिवशी ते बोटीवं परत आले, आनि आयला लिव्हलं, आज्यानं पान ठेवलं, पन हाक दादानं मारली. जेवाला ये म्हनाला. मंग पुढच्या वर्साला, याच दिवसाला, सकालपासून काय खाल्लं नाय. दुपारी बारा वाजले की जेवाला बसले. पानावं. दर वर्सी. बोट कंच्या मुलखात असूं दे. आमच्या इकडं भरतीची येल निराली, पन ते इकडचीच धरायचे. तिथीची पाऊनपट करायचे बोटांवं. अमाशेला मोजनी सुन्यावं, म्हंजी बारा. आमाला सांगायचे, आथा घरची भरती भरली, दादा छपरावं चढला आसंल, हाक मारली आसंल. मंग पयला घास घ्याचे. मी लहान व्हते तवा इचारलं, बाप्पा, तुमाला कसं म्हाईत पान ठेवलंय? दादा इसरला आसंल तर? तर मना म्हनाले, लोकं वर्सभरात इसरतात. माजा दादा खांडीत पडला की भरती उतरंपर्यंत उठत नाय. तो चुकाचा नाय. आनि घरचं पान टाकून द्याचं नसतं." तिने पद्मजाकडे बघितलं. "आनि सांगायचे, त्या दिशी एका पोरीनं लोटा इसलून पानी दिलं. अनोलखी मानसाला, इसलून. दादाची पोर ती."

पद्मजा चौकटीला टेकून उभी होती. वीस वर्षं ती जे खोटं बाळगून होती ते आता कुणी तिच्याकडून मागून घेतलं नाही, माफही केलं नाही. त्याच्या शेजारी फक्त एक विसळलेला लोटा आणून ठेवला, आणि तिला रडू आवरेना. तिने काकाला कधी नीट बघितलं नव्हतं. आता तो तिला दिसत होता, लोखंडी पोटातल्या कुठल्याशा अरुंद बाकावर, समोर पान नसेल तर थाळी, घाम पुसत बोटांवर तिथी मोजणारा. ज्या घराने आपल्याला मेलेलं ठरवलं असं त्याला वाटत होतं, त्याच घरचं बोलावणं त्याने दरवर्षी स्वीकारलं होतं. राग धरायला इतकी मोठी जागा असताना त्या माणसाने तिथे जेवणाची वेळ ठेवली. एवढं मोठं मन ह्या दोन खोल्यांच्या घराण्यात कुठून आलं, असं तिच्या मनात आलं आणि तिचं लक्ष बाबांकडे गेलं.

बाबा वळले होते. त्यांनी दिपाचा चेहरा दोन्ही हातांत धरला, सुतळी वळून राठ झालेल्या त्या हातांत, आणि कपाळ, नाक, हनुवटी असं एकेक बघितलं. "दर वर्सी?" त्यांनी विचारलं. "दर वर्सी," ती म्हणाली. "एकदा टायफॉइड झालावता मना," ते म्हणाले, अगदी हळू, जणू कुणाला तरी हिशेब नव्हे, खुशाली सांगावी तसं. "तरी ठेवलं व्हतं." "म्हाईत हाय त्यांना," दिपा म्हणाली. ते कसं माहीत असेल हे कुणीही विचारलं नाही. बाबांनी दारातून अंगणातल्या उन्हाकडे बघितलं, खांबाची सावली पायाशी आली होती. "भामे," त्यांनी हाक मारली, "पानी चढलं. पान दे." आईने काही न विचारता शेजारणीकडून आणून ठेवलेलं केळीचं पान पुढे केलं. माहेरून नव्हे, सासरहूनच जिद्द शिकलेली बाई ती. तिने काल रात्रीच ते आणून ठेवलं होतं. जवळ्याची चटणी वाटून तयार होती.

बाबा तिन्ही पानं घेऊन एकटेच वर गेले. खाली भामाने दुसरं एक पान मांडलं, पाट ठेवला, पानाभोवती रांगोळीची रेघ ओढली आणि दिपाला बसवलं. पद्मजाने वाढलं. आधी पानाच्या डोक्यावर मीठ, मग चटणी, मग वडे, मग भात. दिपाने हात धुतले आणि ती तशीच बसून राहिली. "जेव गं बाय," भामा म्हणाली. दिपाने मान हलवली आणि वर छताकडे बघितलं. पद्मजाला कळलं. ती जाऊन रस्त्यावरचं दार सताड उघडून आली. घड्याळात बाराला दोन मिनिटं होती. गच्चीवर बाबांची पावलं वाजली, थांबली. पद्मजाला वाटलं, नाही जमायचं त्यांना, यंदा खरोखरच मेलेल्या भावाला हाक मारायची आहे. मग आवाज आला. म्हातारा झालेला, चिरका, पण खाडीपलीकडे जाईल असा.

"आनंदाऽ! ये रं, जेवाला ये!"

दिपाने पहिला घास घेतला.